आठवा लागायच्या आत गाडी गार

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कुंभारीला जाऊन ज्वारीचं पोतं आणलं. मार्च सरत आला होता. तिथला एक शेतकरी ओळखीचा आहे, दरवर्षी त्याच्याकडूनच घेतो. पोतं डिकीत टाकलं, ती पुढं बसली, निघालो. दुपारचे बारा वाजले असतील. मी एसीचं बटण दाबलं तर चुलीपुढं बसल्यासारखी हवा तोंडावर आली. मागल्या उन्हाळ्यापासून तसंच चाललं होतं. तिनं बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक भिजवलं, मानेला लावलं आणि म्हणाली, "ही गाडी हाय का भट्टी? लेकीला आणायच्या आधी एवढं गार करून घ्या. सातव्यातल्या बाईला ह्याच्यात घालून आणणार व्हय?"

"करतो की."

"तुमचं करतो की म्हंजे पुढल्या साली."

घरी आलो. पोतं मी आत ओढलं. तिनं दोन मुठी ज्वारी सुपात घेऊन पाखडली, खडे निघाले, त्या शेतकऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचायच्या आत गेली. त्याच गाडीत, काचा उघड्या ठेवून. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही.

मी लिहायला बसलोय ते गाडीत गॅस भरल्याचं. माझी शाळा चौथीपर्यंत. तीस वर्षं टेम्पो चालवला. सुताची गाठोडी मागावर न्यायची, तयार चादरींचे गठ्ठे परत आणायचे, हेच काम. त्या टेम्पोला एसी सोडा, एका बाजूला दारसुद्धा नव्हतं, दोरी बांधलेली. काम सोडलं तेव्हा ही छोटी गाडी जुनी घेतली. इंजिनातलं मला सगळं कळतं. पण एसी म्हणजे साहेब लोकांचं काम, असं समजून मी त्याच्या वाटेला कधी गेलो नव्हतो.

आम्हाला एकच लेक. अकलूजला दिलीय. जावई कारखान्यात आहे, सरळ माणूस. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि यंदा हलायची वेळ आली तर तिची आई गेली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही आपली रीत. आईनं सगळं ठरवून ठेवलं होतं. काय ठरवलं होतं ते मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. तेराव्यानंतर लेक परत सासरी गेली, आणि मग मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी विहीणबाईंचा फोन आला.

"पाव्हणं, सपष्टच बोलते. राग मानू नका."

"बोला की. मी बी सपष्टच हाय."

"सुनेचं आमी हितंच करावं म्हंते. तुमच्या घरात आता बाईमाणूस न्हाय. कोण करणार तिचं?"

"पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. तिच्या आईनं ठरवलंय."

"ठरवलं व्हतं, खरं हाय. पण..." पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "बरं, न्यायचीच असंल तर बुधवारी न्या. गुरुवारपास्नं आठवा लागतोय. आठव्यात मी तिला उंबरा ओलांडू देणार न्हाय."

"बुधवारी येतो."

"कशात? त्या तुमच्या गाडीत? मागं देवळापतूर बसले व्हते मी त्यात. घरी येऊन दोन तांबे पाणी डोक्यावर घेतलं तवा जिवात जीव आला. पोटुशी बाईला त्यात तीन तास?"

"पहाटे निघू. उन्हाच्या आत घरी."

"पहाटे? ओटी भरून, जेवू घालून पाठवायची असती लेक. चोरासारखी न्यायची व्हय? जेवणं झाल्याबिगर निघणं न्हाय. आन तिन्हीसांजेच्या आत घरी पोचायला पायजे. म्हंजे भर उन्हातच. गाडीत गार हवा येत असंल तर न्या. मी बसून बघणार. न्हाय आली, तर पोरगी हितंच."

फोन ठेवला. मी खाटेवर बसलो. रागच आला होता, पण बाई चुकीचं काय बोलली? काहीच नाही. दोन दिवस हातात होते. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी करायचं होतं. लोकांनी येऊन "जेवला का" विचारायचं आणि मी "जेवलो" म्हणायचं, एवढंच चाललेलं होतं. मी उठलो, चपला घातल्या आणि गॅरेजकडं निघालो.

गॅरेजवाल्यानं माझ्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "काका, अकरा गाड्या लाईनीत हायत. अख्ख्या सोलापूरला एसी ह्याच आठवड्यात आठवलाय. शनवारी या."

"शनवारी आठवा लागलेला असंल."

"कशाला?"

"लेकीला."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं एक गोष्ट सांगितली, ती कामाची. "डबा मिळतो काका गॅसचा. पाईप मिळतो काट्याचा. लोक घरी भरतात आजकाल. मी सांगितलं म्हणू नका."

स्पेअर पार्टच्या दुकानात दाढीवाले एक चाचा बसतात. त्यांनी आधी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "चचा, ये घर में करने का काम नैं. पर करनाच है तो सुन लो. गॅस पेट्रोल के जैसा खतम नैं होता. कम हुआ मतलब किधर से तो भी निकला. पैले वो छेद ढूंडो. मोटी पायपपेच लगाना, पतली को हात नैं लगाना. आँखों पे चष्मा, हात में मोजे. और काँटा हरे में आया कि बस. डब्बे में बचा तो बचने दो. पूरा नैं डालने का."

मी मान हलवली. नीट ऐकलं सगळं. पुढं काय केलं ते येतंच.

माझ्या शेजारी एक जॉबर राहतो. जॉबर म्हणजे मागावरचा मेस्तरी, माग बिघडला की दुरुस्त करणारा. आता तोही घरीच असतो. तेलुगू माणूस, पण तीन पिढ्या इथंच गेल्या. मी त्याला जॉबर म्हणतो, तो मला ड्रायव्हर म्हणतो, नावं आमची आम्हालाच विसरायला झालीत. मी डबा आणि पाईप घेऊन आलो तसा तो दारातूनच ओरडला.

"काय ते? दारूचा नवा डबा?"

"गाडीचा गॅस हाय."

"अरे देवुडा! बायको गेली म्हणून घर उडवून देतो का काय?"

असलं बोलणं दुसऱ्या कुणाचं मी ऐकून घेतलं नसतं. त्याचं ऐकतो, कारण खांदा द्यायला तो पहिला होता. मी त्याला विहिणीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाड्याची गाडी कर की, एसीवाली. एवढं काय त्यात?" जावयानंही फोनवर तेच म्हटलं होतं. मलाही ते कळत होतं. पण ती 'गार करून घ्या' म्हणाली होती. 'भाड्यानं आणा' म्हणाली नव्हती. मी जॉबरला तसं सांगितलं. तो वळला. आत गेला आणि वेल्डिंगचा काळा चष्मा घेऊन आला. "ह्याच्यातनं काय दिसणार हाय?" मी म्हटलं. मग पुन्हा आत गेला आणि सुनेचा स्कूटीवर घालायचा पांढरा चष्मा घेऊन आला. कडेला गुलाबी फुलं होती. तो मी घातला. हसू नका, डोळा गेल्यावर काय करायचंय?

मंगळवारी दुपारी आम्ही बॉनेट उघडलं. गाडी घराच्या सावलीत घेतली होती, तरी पत्र्याला हात लागत नव्हता. दोन पाईप दिसले, एक जाड, एक बारीक. जाडाच्या टोकाला टोपण असतं, तेच नव्हतं. कुणी काढलं, कधी पडलं, देव जाणे. उघडं टोक, आत पिन. बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, ही तर चाकाच्या ट्यूबच्या वॉल्वसारखीच पिन! तीस वर्षं मी पंक्चरवाल्याच्या दुकानात बसून काय बघितलं? थुंकी लावायची आणि बुडबुडा बघायचा.

"साबण आण," मी म्हटलं.

जॉबर भांडी घासायचा साबण वाटीत पाण्यात फेसून घेऊन आला. मी बोटानं फेस त्या टोकावर लावला. दोघं वाकून बघत बसलो. आधी काही नाही. मग एक बुडबुडा आला. बारका, मोहरीएवढा. फुगला, फुगला आणि फुटला. मग दुसरा.

"हितनंच जातंय!" जॉबर माझ्या पाठीवर थाप मारून ओरडला. "ड्रायव्हर, सापडलं!"

खरं सांगतो, मला इतका आनंद कशानंच झाला नव्हता. कशानंच म्हणजे त्या दिवसानंतर. वर्षभर गाडी मला भाजून काढत होती आणि तिचं कारण मोहरीएवढं होतं. ट्यूबची पिन आवळायची चावी माझ्या डब्यात होती. तीच बसली. पाव फेरा फिरवली. पुन्हा फेस लावला. पाच मिनिटं बघितलं, घड्याळ लावून. बुडबुडा नाही. आणखी पाच मिनिटं. नाही!

मग विकत आणलेला काट्याचा पाईप त्या जाड टोकाला जोडला. जोडताना खट् आवाज येतो आणि तो घट्ट बसतो, तेव्हा कळतं बरोबर बसला. गाडी चालू केली. एसी पूर्ण, पंखा पूर्ण, काचा उघड्या. डबा उभा धरला, त्याची चावी फिरवली. काट्याची चकती असते छोटी, तिच्यावर रंग, निळा, हिरवा, लाल. काटा निळ्यात, अगदी तळाला. काहीच होईना. पंखा नुसता गरम वारा मारतोय. जॉबर आत बसून हात एसीच्या जाळीपुढं धरून होता.

"काय?"

"भट्टी."

"आता?"

"भट्टीच हाय. थांब जरा, शंभरदा काय विचारतो?"

डबा हातात गार पडायला लागला होता. मोजे होते तरी कळत होतं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि माझ्या मुठीत डब्यावर पांढरं दव धरलं. मी तो डबा कानाजवळ नेला, आत खळखळ ऐकू येत होती. आणि एकदम इंजिनातून आवाज आला, टक! इंजिन क्षणभर खाली बसल्यासारखं झालं, मग सावरलं. कंप्रेसर लागला! एक वर्ष जो गप पडला होता तो फिरायला लागला. जाड पाईपला हात लावला तर थंडगार, पाण्याचे थेंब सुटलेले.

"आता?" मी ओरडलो.

आतून काही आवाजच नाही. मी डबा हातात धरूनच मान वळवून बघितलं. जॉबर डोळे मिटून बसला होता, तोंड जाळीपुढं, आणि केस उडत होते. "ड्रायव्हर," तो म्हणाला, "मला हितंच राहू दे. माझ्या बायकोला निरोप दे."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. आणि हसताना लक्षात आलं की घरातून कुणी 'काय झालं हो' म्हणून बाहेर येणार नाहीये. हसू तिथंच संपलं असतं, पण जॉबर ओरडला, "काटा बघ, काटा!" काटा हिरव्यात आला होता. बरोबर मधोमध.

"बस," जॉबर म्हणाला.

इथं मी माती खाल्ली. डबा हलवून बघितला, आत अजून शिल्लक होतं, चांगलं पाव-एक. चाचा म्हणाले होते, उरू दे. जॉबर म्हणत होता, बस. पण मला ते बस ऐकवेना. आमच्याकडं पाहुणा बस म्हणाला की एक भाकरी जास्तच वाढायची असते. बस म्हटल्यावर थांबला तर वाढणाऱ्याचं मन खोटं. आमच्या घरी ताटावर आडवा हात धरला तरी हाताच्या फटीतनं आमटी सोडायची तिला सवय, मी तिच्याकडूनच शिकलो. आणि लेक यायची होती! उद्या तीन तास ऊन! आणखी थोडं गार झालं तर काय बिघडलं? उरलेलं ठेवून तरी काय करू? मी चावी उघडीच ठेवली.

"अरे बस म्हटलं ना."

"पाव्हणा बस म्हणतोच."

डबा रिकामा झाला. काटा हिरव्यातून सरकला आणि लालात जाऊन बसला. मी पाईप काढला, त्याच्याबरोबर आलेलं नवीन टोपण लावलं, हात पुसले, आणि राजासारखा जाऊन आत बसलो. हवा गार होती. मग जरा कमी गार. मग कोमट. बाहेर इंजिनातून आवाज, टक. थांब. टक. थांब. कंप्रेसर लागायचा आणि सुटायचा. पाच मिनिटांत जाळीतून पुन्हा भट्टी.

जॉबरनं हात जाळीपुढनं मागं घेतला.  मग म्हणाला, "मागावर बी असंच. ताण जास्त दिला की धागा तुटतो."

"पिन दाबून थोडा सोडून देतो."

"हात गोठंल, डोळा जाईल. आन त्या चष्म्यावर माझ्या सुनेची फुलं हायत. चल, बस गाडीत."

साडेपाच वाजले होते. पुन्हा त्याच गॅरेजवर. अकराच्या ठिकाणी तेरा गाड्या. मी सरळ आत गेलो आणि सांगून टाकलं, खोटं बोलून उपयोग काय. "जास्त भरला. काटा लालात हाय. उद्या लेकीला आणायची हाय, न्हाय आणली तर ती इथं येणारच न्हाय."

गॅरेजवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. "काका, गॅस म्हंजे आमटी न्हाय, वाढत बसायला."

"चुकलो."

"छेद शोधला का आधी?"

"शोधला. पिन ढिली होती, साबणानं बघितलं, आवळली, पाच-पाच मिनिटं दोनदा तपासली."

तो आला, बॉनेट उघडलं, त्यानंही फेस लावून बघितला. माझ्याकडं वळला. "हे बरोबर केलं. निम्मे लोक हे करतच न्हाईत, नुसते भरत बसतात." आणि म्हणाला, "गॅस भरायला तासभर लागतो, ते मी आज करू शकत न्हाय. काढायला धा मिनिटं. मागं लावा गाडी." त्यानं मशीनची नळी जोडली आणि जास्तीचा गॅस मशीनच्या पोटात ओढून घेतला. काटा लालातून हळूहळू उतरला. हिरव्यात मधोमध आला तसा त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि बोट वर करून म्हणाला, "बस."

"बस," मी म्हणालो.

घरी येताना जॉबरनं काचा लावून घेतल्या आणि सगळ्या रस्ताभर मला टोमणे मारले.  जाळीतली हवा माझ्या मनगटावर येत होती आणि मी नुसता गाडी चालवत होतो.

बुधवारी सकाळी आठला निघालो, अकराला अकलूज. जाताना एसी लावला नाही. उगाच वापरावा का? म्हणजे तो वापरून संपत नाही हे मला आता माहीत होतं, पण मन मानत नव्हतं. विहीणबाईंनी पुरणपोळीचं जेवण केलं होतं. लेकीची ओटी भरली, डोळ्यांना पदर लावला. जावई माझ्याकडं बघून हळूच विचारायचा, "होतंय का मामा गार?" मी नुसती मान हलवायचो.

एक वाजला. विहीणबाई अंगणात आल्या. गाडी मुद्दाम उन्हात उभी केली होती, त्यांनीच करायला लावली. पुढच्या सीटवर बसल्या, पदर सावरला, दार लावलं.

"लावा."

मी लावला. पहिलं मिनिट गरमच येतं, उन्हातल्या गाडीत सगळीकडंच येतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं बघत राहिलो. टक ऐकू आलं. मनात म्हटलं, बस, आता सुटू नको. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी हात जाळीपुढं धरला. तिसऱ्याला तोंड पुढं नेलं. मग मागं टेकून बसल्या.

"विहीणबाई?"

"नाक गार पडलं माझं."

"मग पटलं का?"

"गाडीचं पटलं." त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, आणि बोलल्या ते अगदी हळू, बाहेर लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. "घराचं काय, पाव्हणं? बाळाला न्हाऊ कोण घालणार? बाळंतिणीचं खाणंपिणं? पहाटे उठून कोण बघणार? तुमी आयुष्यात कधी चहा तरी केलाय का?"

चहा केला नव्हता. तिच्या जाण्यानंतर शिकलो होतो, तोही जॉबरच्या बायकोकडून, आणि दूध अजून उतू जातंच.  मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. मग जे सुचलं ते बोललो.

"परवापतूर मला ह्यात गॅस भरायला बी येत न्हवता. एकदा चुकलो. चुकल्यावर जाऊन विचारलं. तसं हे बी विचारीन."

 एवढ्यात लेकीनं बाहेरून काच वाजवली. पोट सांभाळत वाकली होती, घामानं चेहरा डबडबलेला. मी काच खाली केली. "आप्पा, तुमी दोघं आत गार बसलाय, आन मी उन्हात उभी! मला न्यायला आलाय का अत्याबाईंना?"

विहीणबाई हसल्या. हसत हसत उतरल्या. मागचं दार स्वतः उघडलं, पाठीला उशी लावली, लेकीला बसवलं. आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पुढल्या आयतवारी मी येऊन बघणार. सोय दिसली न्हाय तर तिला परत आणता यायची न्हाय, आठव्यात हाय ती. मग मीच येऊन ऱ्हाणार तुमच्या घरात. दोन महिने. चालंल का?"

"तेवढी वेळ येऊ देणार न्हाय," मी म्हणालो. जावई पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

परतीचा रस्ता. ऊन असं की पुढचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. काचा बंद, आत गार. लेक अर्ध्या तासात झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी टेम्पोत झोपायची तशी. मी आरशातून बघायचो. एकदा झोपेतच तिनं पदर अंगावर ओढून घेतला. थंडी वाजली तिला! मे महिन्यात, सोलापूरच्या रस्त्यावर, माझ्या गाडीत माझ्या लेकीला थंडी वाजली. मी पंखा एक नंबरनं कमी केला. बाजूची सीट रिकामी होती. त्या जाळीचं तोंड मी निघतानाच त्या सीटकडं वळवलं होतं, ते तसंच राहू दिलं. का, ते विचारू नका.

साडेचारला घरी. जॉबर आणि त्याची बायको दारात भाकरतुकडा घेऊन उभी. ओवाळून आत घेतली. लेकीनं घरभर फिरून बघितलं, सैपाकघरात जास्त वेळ थांबली, मग बाहेर येऊन म्हणाली, "आप्पा, चहा तुमी केला तर मी पिणार." मी केला. दूध उतू गेलं. ती प्याली.

संध्याकाळी जॉबरच्या बायकोनं सांगितलं, मागच्या गल्लीत एक म्हातारी आहे, बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालते, अर्ध्या पेठेतली पोरं तिच्या पायांवर न्हाली. पण आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या घरी जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती ओट्यावर बसून मशेरी लावत होती.

"कोण पायजे?"

"तुमीच. लेकीचं बाळंतपण हाय."

"कितवा?"

"आज आठवा लागला."

"पहिलटकरीण?"

"व्हय."

"मग तिच्या आईला पाठवा की. बापय मानसाशी काय बोलू मी?"

"ती न्हाय," मी म्हणालो. "दीड महिना झाला. मीच हाय."

हे मी मोठ्यानं कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. इतके दिवस ज्यांनी त्यांनी येऊन मलाच सांगितलं होतं. म्हातारीनं चूळ भरली, तोंड पुसलं, आणि ओट्यावर सरकून जागा केली.

"बसा. लिवता येतं?"

"चौथीपतूर."

"लई झालं. लिवा." तिनं आतून जुन्या कॅलेंडरचं पान आणून दिलं, पेन माझ्या खिशात होतं. ती सांगत गेली, मी पानाच्या मागं लिहीत गेलो. खोबरेल तेल. हळद, दळलेली नको, अख्खी. डिंक. आळीव. खारीक. ओवा. बाळंतशेपा, हा शब्द तिनं दोनदा सांगितला आणि मी तरी चुकीचा लिहिला. जुनी मऊ लुगडी, पाच-सहा, बाळाला गुंडाळायला.

"लुगडी हायत का घरात?"

"हायत. कपाट भरून हायत."

"मग ती धुऊन उन्हात घाला आजच. कापडाला वास नको."

मी तेही लिहिलं. तिथून सरळ वाण्याकडं गेलो. दुकान उघडायला अजून अर्धा तास होता. पायरीवर बसलो आणि यादी पुन्हा वरून वाचायला लागलो.